तोमासाचा धोंडा

सान बेनितोच्या वस्तीत तोमासा तोक्तोला चालताना क्वचितच कुणी पाहिलं असेल. बघावं तेव्हा ती डोलत असायची. तिच्या अंगणात एक अजस्र धोंडा होता, वरून सपाट आणि खालून होडीच्या बुडासारखा गोल. त्याच्यावर एक आडवा ओंडका लामा नावाच्या ओझेवाहू जनावराच्या कातड्याच्या वाद्यांनी आवळून बांधलेला. ओंडक्याच्या एका टोकावर तोमासा उभी राही, दुसऱ्यावर तिची नणंद इसाबेल. ही खाली गेली की ती वर, ती खाली आली की ही वर. धोंड्याखालच्या दगडी पाट्यावर माल ओतलेला असे. माल म्हणजे डोंगरातून काढलेले चांदीचे खडे. ते करकरत भरडले जात आणि त्यांचं पीठ होऊन कडेनं सांडे. मग त्यात मीठ आणि पारा घालून ते मळायचं, धुवायचं, की तळाशी चांदी.

डोलता डोलता दोघी साऱ्या पोतोसी शहराची धुणी धूत. कुठल्या पाद्र्याच्या स्वयंपाकिणीनं नवा झगा शिवला, कुठल्या मालकाची गिरणी पाण्यावाचून बंद पडली, सगळं त्यांना धोंड्यावरून दिसे. तोमासा बुटकी, आडव्या बांध्याची आणि जिभेनं तिखट. कोकाची पानं चघळून तिचे दात हिरवे झाले होते आणि ते दाखवायला ती कधी लाजली नाही.

ती मूळची इथली नव्हे. पण पोतोसीत मूळचं असतं तरी कोण? राजाच्या हुकुमानं गावोगावचे पुरुष पाळीपाळीनं या डोंगरात जुंपले जात आणि त्या पाळीला मिता म्हणत. तोमासाच्या बापाची पाळी आली तेव्हा ती आईचा पदर धरून, लामांच्या कळपामागून, पाकाखेसच्या माळावरून चालत आली होती. डोक्यावर होतं एक मडकं आणि त्यात वाळवून काळे केलेले बटाटे. पाळी संपली, पण बाप परत निघाला नाही, कारण तो डोंगराच्या पोटातच राहिला होता. आईनं गावाकडे पाठ फिरवली ती कायमची. परत गेलं तर पुढच्या पाळीला घरातला दुसरा पुरुष मागतील, आणि घरात पुरुष उरलाच नव्हता. असं होत होत ज्या गावाला कुणी आपखुशीनं आलं नाही, तेच गाव तोमासाचं झालं.

इथंच तिनं लासारोशी लग्न केलं. लासारो पहारवाला, म्हणजे खाणीच्या टोकाशी बसून कपारीत पहार घालणारा. माणूस धिप्पाड आणि अबोल. दिवसभरात चार शब्द बोलला तर त्यातले दोन लामांशी. हा धोंडा त्यानंच हेरला, खालच्या ओढ्याच्या घळीत. कार्निवलच्या दिवसांत सगळी वस्ती दोरखंड घेऊन उतरली. धोंड्याला आधी चिचा पाजली, मक्याची, घट्ट, नुकतीच आंबलेली. लामाची चरबी चोळली. आणि मग ढोल वाजवत, शिव्या घालत, नाचत त्याला चढावरून ओढून आणलं. त्या दिवशी दोराला हात लावला नाही असं माणूस सान बेनितोत नव्हतं. म्हणून धोंडा तोमासाच्या अंगणात असला तरी होता सगळ्यांचा.

आणि लागायचाही सगळ्यांना. सोमवार ते शनिवार डोंगर मालकांचा असे. शनिवारी संध्याकाळी त्यांची माणसं खाली उतरली की आपली माणसं मेणबत्त्या आणि थैल्या घेऊन वर चढत. सोमवारच्या पहाटेपर्यंत जो माल हाती लागेल तो त्यांचा. या माणसांना काक्चे म्हणत. मालक लोक याला चोरी म्हणायचे. वस्तीतली माणसं म्हणायची, ज्या डोंगरानं आमचे बाप गिळले त्यानं आठवड्यातून एक दिवस तरी आम्हाला जेवू घालावं. हा रिवाज आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला, आणि मोडायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. पण काढलेला माल भरडायचा कुठं? मालकांच्या पाण्यावरच्या गिरण्यांत काक्च्याला कोण उभं करणार? तोमासाचा धोंडा होता म्हणून सान बेनितोतल्या चुली पेटत होत्या. भरडणावळ म्हणून ती प्रत्येकाच्या पिठातून ओंजळभर घेई, आणि विधवेच्या पिठातून तेवढंही नाही.

नंतर तिच्यावरच विधवा व्हायची पाळी आली.

लासारोला खोकला लागला होता. डोंगरातली धूळ छातीत बसली की जो खोकला लागतो तो. त्याची उबळ भिंतीपलीकडूनही ओळखू येते. त्यानं मुकादमाकडे एवढंच मागितलं, की काही दिवस मला खाणीच्या तोंडाशी माल निवडायला बसवा. मुकादम होता गास्पर. हा गास्पर सान बेनितोतच वाढलेला, कोका विकणाऱ्या आन्द्रेआचा मुलगा. बाप कुणी समुद्रापलीकडून आलेला कास्तियन शिपाई होता, आला तसा गेला. गास्पर मोठा झाला, मालकाच्या नजरेत भरला, पायात बूट आले, हातात चाबूक आला आणि आईच्या भाषेत बोलायची त्याला लाज वाटू लागली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हा. लासारोची विनवणी ऐकून तो हसला आणि त्याला सर्वांत खालच्या कपारीत पाठवलं. चढण्याउतरण्यानंच लासारो संपला. चौघांनी त्याला शिड्यांवरून वर आणलं तेव्हा तोंडातून रक्त येत होतं, आणि तोमासाला बघून त्यानं नेहमीसारखे दोन शब्द उच्चारले. ते काय होते हे तिनं कुणाला सांगितलं नाही. प्रेतावर माती पडल्यावर एवढंच म्हणाली, की त्या गास्परच्या हातचं पाणी मी मरतानाही पिणार नाही. ती हे ओरडून नाही म्हणाली, म्हणून सगळ्यांनी ते खरं धरलं.

लासारो गेल्याला फार महिने झाले नव्हते, तोच दवंडी पिटली गेली. वस्त्यांमधून लपूनछपून माल भरडला जातो, गिरणीमालकांचं नुकसान होतं, सबब वस्त्यांमधले सगळे भरडायचे धोंडे फोडण्यात येतील. रिवाजाला हात लावायची छाती नव्हती, म्हणून त्यांनी रिवाजाची दाढच उपटायची ठरवली. सान बेनितोचा धोंडा सगळ्यांत मोठा, त्यामुळे पहिला मान त्याचा. दवंडीवाल्यामागून गास्पर स्वतः तोमासाच्या अंगणात आला आणि बुटाच्या टोकानं धोंड्याला ढोसून म्हणाला, "पुढच्या सोमवारी येतो घण घेऊन. तोवर घे डोलून."

तोमासा डोलायची थांबली नाही. गास्पर गेल्यावर मात्र ती ओंडक्यावरून उतरली आणि धोंड्याला टेकून बसली. तिला लासारोची आठवण आली आणि ती रडली. तिचं घर बुडणार याचं एक दुःख, आणि शनिवारी वर चढणाऱ्या प्रत्येक माणसाच्या थैलीतला माल सोमवारी मातीमोल होणार याचं दुसरं. इसाबेल शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "वहिनी, पुढच्या सोमवारी क्रूस तुझ्या घरी असेल."

इथं क्रुसाचं सांगायला हवं. काक्च्यांच्या खाणीच्या तोंडाशी एक लाकडी क्रूस उभा असे. आत जाताना त्याला हात लावायचा आणि बाहेर येताना, आलो तर, पुन्हा लावायचा. मे महिना लागला की क्रुसाच्या सणाला त्याला वाजतगाजत खाली आणत आणि ज्याची पाळी असेल त्याच्या घरी तो आठवडाभर पाहुणा राही. आठवडा सरला की त्याला परत डोंगरावर पोचवायचं. त्या वेळी बैठकीवरून जो त्याला खांद्यावर उचलेल तो पुढच्या वर्षीचा यजमान. कोण उचलणार हे आधीच ठरलेलं असे, कारण यजमानपण म्हणजे साऱ्या वस्तीला खाऊपिऊ घालणं. आणि जुन्या यजमानानं नव्याला चिचेचा पेला पाजला की ते दोघं क्रूसभाऊ. सख्ख्या भावाशी भांडण झालं तर पाद्र्यापुढे कबुली देऊन मोकळं होता येतं. पण क्रूसभावावर किंवा त्याच्या घरावर जो हात उगारेल त्याला डोंगर गिळतो. सान बेनितोतलं पोर हे आईच्या दुधाबरोबर शिकतं.

गेल्या वर्षी क्रूस लासारोनं उचलला होता. तो गेला, पण पाळी काही गेली नाही. विधवेनं एकटीनं क्रूस घरी आणू नये, पाळी कुणा जोडप्याला द्यावी, असं दोनचार थोरांनी सुचवून पाहिलं. तोमासानं त्यांना विचारलं, की लासारोचा खांदा खोटा होता का? आणि अंगण झाडायला घेतलं.

इसाबेलचा नवरा मेल्चोर हा काक्च्यांचा म्होरक्या. सणाच्या दिवशी तो आपल्या माणसांसह क्रूस खाली घेऊन आला. रिवाजाप्रमाणे घरात कोनाड्यापाशी बैठक मांडायची, पण तोमासानं बैठक मांडली ती धोंड्यावर. लाल लोकर अंथरली, रानफुलांच्या माळा घातल्या, आणि क्रूस त्या धोंड्याच्या पाठीवर असा उभा केला की जणू तिथंच उगवला. पाद्र्यानं येऊन पवित्र पाणी शिंपडलं. थोडं क्रुसावर पडलं, बरंचसं धोंड्यावर.

सोमवारी गास्पर दोन शिपाई आणि घण घेऊन आला. शिपाई अंगणाच्या दारातच टोप्या काढून उभे राहिले. गास्परनं त्यांना आत ढकललं, तर ते गुडघ्यांवर बसले आणि उठेचनात. क्रूस ज्याच्यावर उभा आहे त्याच्यावर घण कोण घालणार? गास्परच्याही कपाळावर घाम आला होता, हे इसाबेलनं नीट बघून ठेवलं. तो म्हणाला, की आठवडाच ना, थांबू आठवडा. क्रूस कायमचा थोडाच राहणार आहे? ज्या घडीला तो उठेल त्या घडीला घण पडेल. हे मात्र त्यानं बरोबर हेरलं होतं.

तो आठवडा तोमासानं कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. वरून बघावं तर सण चालू होता. मोठमोठ्या हंड्यांत लामाचं मटण आणि काळे बटाटे शिजत होते, बायका गोल बसून चिचा आंबावी म्हणून मक्याचं पीठ चघळून हंड्यात टाकत होत्या, बासऱ्या आणि ढोल यांनी कान किटले होते. धोंडा मुका होता, आणि तोमासाला त्या गलबल्यात तेवढाच एक मुकेपणा ऐकू येत होता. माणसं नाचून झाली की येऊन हळूच धोंड्यावर तळवा ठेवत, मयताच्या घरी ठेवतात तसा. त्याचा तिला राग यायचा.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी मेल्चोर आणि इसाबेल तिच्यापाशी बसले. पुढच्या वर्षाचा यजमान मेल्चोर व्हायचा हे ठरलेलंच होतं. मेल्चोर हातातली कोकाची पानं निवडत म्हणाला, "वहिनी, उद्या मला काही क्रूस उचलायचा नाही. जड होणार आहे तो."

क्रुसाला कुठून जायचं नसलं की तो जड होतो, हे सर्वांना माहीत आहे. दुसऱ्या एका वस्तीत एकदा संताची मूर्ती अशी जड झाली होती, की शेवटी तिथंच देऊळ बांधावं लागलं. तोमासा मात्र बिचकली. मालकांना फसवायला तिची ना नव्हती, पण क्रुसाच्या नावानं खोटं बोलायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

"खोटं कुठंय त्यात?" इसाबेल म्हणाली. "त्याला खरंच जायचं नसेल. तू विचारलंस का त्याला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गास्पर शिपायांना घेऊन आधीच भिंतीशी उभा होता. घण त्यानं सगळ्यांना दिसतील असे मांडून ठेवले होते. ढोल थांबले. मेल्चोर पुढं आला, त्यानं क्रुसाचं चुंबन घेतलं, खांदा लावला आणि जोर केला. मानेच्या शिरा फुगल्या, डोळे बाहेर आले, पाय थरथरले. क्रूस जागचा हलला नाही. मेल्चोर मागं सरून धापा टाकू लागला. मग दुसरा आला, तिसरा आला. एकानं तर मागच्या मागं लोळणच घेतली, ते जरा अति झालं आणि इसाबेलनं त्याच्याकडे डोळे वटारले. बायकांनी हुंदके द्यायला सुरुवात केली. कुणीतरी म्हणालं, क्रुसाला धोंडा आवडला. बघता बघता ते वाक्य साऱ्या अंगणात फिरलं. गंमत अशी, की मागं उभ्या असलेल्यांना ठरलेलं काहीच माहीत नव्हतं. ते खरोखरच रडत होते, आणि त्यांच्याकडे बघून पुढच्यांनाही ते खरं वाटू लागलं. तोमासाच्या अंगावर काटा आला. कोण जाणे, खरंच जड झाला असेल.

गास्पर मोठ्यानं हसला. "शनिवारी खाणीतून पाठीवर पोतं घेऊन शिड्या चढता ना रे? तेव्हा बरे हलके होता. सोंगाडे लेकाचे."

त्याला राग आला होता. आठवडाभर मालकानं त्याला टोचून खाल्लं होतं, की एक विधवा तुला आवरत नाही. त्यानं चाबूक टाकला, अंगरखा काढून शिपायाच्या अंगावर फेकला, तरातरा पुढं आला आणि क्रुसाखाली खांदा घालून एका झटक्यात तो उचलला.

क्रूस साधा लाकडाचा होता. तो उचलला गेला.

मेल्चोरनं मान खाली घातली. धोंड्यावर आता नुसती लाल लोकर उरली होती आणि चुरगळलेली फुलं. शिपायांनी घण उचलले. "बघितलंत?" गास्पर म्हणाला. "घाला रे घाव."

तोमासा धोंड्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिला वाटलं, संपलं. मग तिची नजर वर गेली आणि गास्परच्या खांद्यावर थांबली. त्या खांद्यावर क्रूस होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसरं काय असतं? शहाण्यानं रागाच्या भरात बैठकीवरून क्रूस उचलला होता, आणि उचलणाऱ्याला काय म्हणतात हे त्याच्या आईनं त्याला पाळण्यात शिकवलं होतं.

पण यातून पुढं जायचं ते तोमासालाच होतं, आणि तिचं पाऊल उचलेना. पेला तिनं पाजायचा होता. ज्याच्या हातचं पाणी पिणार नाही म्हणाली, त्याला आपल्या हातानं पाजायचं. ज्यानं लासारोला खालच्या कपारीत पाठवलं त्याला भाऊ म्हणायचं. तिनं त्याच्याकडे पाहिलं तेव्हा जो द्वेष वाटला तो खाणीच्या तोंडाशी लासारोचं डोकं मांडीवर घेतलं त्या दिवसाइतकाच ताजा होता. घण वर उचलले गेले. थैल्या घेऊन शनिवारी वर चढणारी सगळी माणसं तिच्याभोवती उभी होती. तिनं हंड्यातून लाकडी पेला भरला.

थोडी चिचा तिनं जमिनीवर शिंपडली. मग गास्परसमोर जाऊन उभी राहिली आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "क्रूसभाऊ, पुढचं वर्ष तुझं. पी."

क्षणभर कुणालाच उमगलं नाही. मग इसाबेलच्या गळ्यातून एक आरोळी निघाली आणि तिच्यामागून सगळ्या अंगणातून. ढोल सुरू झाले. शिपायांचे घण वरच राहिले. गास्परचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. त्याला क्रूस खाली ठेवायचा होता, पण उचललेला क्रूस खाणीच्या तोंडापर्यंत जमिनीला टेकवायचा नसतो. दोन्ही हात अडकलेले. तोमासानं पेला त्याच्या ओठांशी नेला, त्यानं तोंड फिरवलं.

"मी तुमच्यातला नाही," तो कास्तियन भाषेत म्हणाला. "तुमचे रिवाज तुमच्यापाशी ठेवा."

तेव्हा गर्दीतून आन्द्रेआ म्हातारी पुढं आली. गास्परची आई. लेकाला बूट आल्यापासून तो तिच्या दारावरून जाई, दारात येत नसे. ती कोकाची थैली काखेत धरून त्याच्यापुढं उभी राहिली आणि त्याला नखशिखान्त न्याहाळलं.

"आमच्यातला नाहीस?" ती म्हणाली. "मग हा खांदा कुणाचा? त्या शिपायाचा? तो तर तुला बघायलासुद्धा थांबला नाही. हा खांदा मी तेल लावून चोळलाय, गास्पर. उद्या सकाळी तू खाणीत उतरशील. क्रूसबहिणीचा पेला नाकारून उतरणार असलास तर आत्ताच सांग. मी घरी जाऊन काळं लुगडं काढते."

रोज डोंगराच्या पोटात उतरणाऱ्या माणसाला डोंगराशी खोटं खेळता येत नाही. वर कितीही बूट घाला, खाली गेलं की अंधार सगळ्यांना सारखाच. गास्परच्या गालावरून घाम ओघळला. तो आईला उत्तर द्यायला गेला आणि शब्द आले ते तिच्याच भाषेतले, इतक्या वर्षांनी, पोरासारखे अडखळत.

"मला ठाऊक आहे, आई," तो म्हणाला, आणि तोंड पुढं केलं.

तोमासानं त्याला पेला पाजला, शेवटच्या थेंबापर्यंत. एक थेंबही तिनं सांडू दिला नाही, याचा तिला पुढं कितीतरी दिवस अभिमान वाटला. मग इसाबेलनं धोंड्यावरची फुलांची माळ उचलून गास्परच्या गळ्यात घातली, बायकांनी त्याच्या केसांत मूठमूठ मक्याचं पीठ फासलं, आणि मेल्चोरनं शिपायांच्या हातातले घण हळूच काढून घेतले, पाहुण्यांच्या काठ्या ठेवून घेतात तसे. मिरवणूक डोंगराकडे निघाली. सगळ्यांत पुढं गास्पर, पांढऱ्या केसांचा, खांद्यावर क्रूस आणि गळ्यात फुलं. त्याच्यामागं तोमासा. तिच्यामागं सान बेनितोतली सगळी माणसं, अपंग आणि अंगावरची पोरंदेखील, कुणी घरी राहिलं नाही. शहरातल्या मालकांनी सज्ज्यात येऊन पाहिलं आणि त्यांना वाटलं, मुकादमानं बंड मोडून क्रूस परत पोचवला. त्यांनी त्याला हात हलवून शाबासकी दिली. तोमासाला हसू आवरेना. ती रस्ताभर हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि त्यातलं काही पाणी लासारोसाठी होतं.

मालकाला खरा प्रकार कळला तेव्हा त्यानं थयथयाट केला. गास्परला त्यानं सांगितलं, की धोंडा फोड नाही तर चाबूक ठेव. गास्परनं चाबूक ठेवला नाही आणि धोंडाही फोडला नाही. त्याच्याइतका डोंगराचा माहितगार मुकादम मालकाकडे दुसरा नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. मग मालकानं दुसऱ्या खाणीवरची माणसं पाठवली, सान बेनितोशी ज्यांचं काही घेणंदेणं नाही अशी.

ती आली तेव्हा तोमासा आणि इसाबेल ओंडक्यावर डोलत होत्या. पाट्यावर भरपूर माल होता. घण घेतलेली माणसं दिसली तशी इसाबेल दचकून थांबू लागली, पण तोमासानं आपलं टोक खाली दाबलं, म्हणून तिलाही डोलावं लागलं. दारात गास्पर उभा होता. कुणी बोलावलं होतं त्याला? कुणीच नाही. कुणीतरी सांगितलं आणि तो खाणीतून तसाच आला होता, अंगावर धूळ, हातात चाबूक.

"हे माझ्या क्रूसबहिणीचं घर आहे," तो त्यांना म्हणाला. "इथं पाऊल टाकलंत तर माझ्या घरात टाकलंत."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, चाबकाकडे पाहिलं, भिंतीपलीकडे जमू लागलेल्या काक्च्यांकडे पाहिलं. थोडा वेळ वाद घातला, मालकाचं नाव सांगून बघितलं, आणि मग घण खांद्यावर टाकून ती आल्या वाटेनं गेली. गास्पर दारातच घुटमळला. आत यावं की नाही हे त्याला समजत नव्हतं. तोमासानं त्याला आत बोलावलं नाही, पाणीही विचारलं नाही. काही वेळानं तो निघून गेला. धोंडा फोडायला त्यानंतर कुणी आलं नाही, आणि दर सोमवारी त्याची करकर डोंगराच्या पायथ्यापर्यंत ऐकू जात राहिली.

त्या दिवशी तो गेल्यावरही दोघी डोलतच होत्या. मग इसाबेलनं भीत भीत विचारलं, "वहिनी, माफ केलंस का गं त्याला?"

तोमासा कोकाची पानं गालात सरकवून हसली.

"माफ? लासारोचा जीव काय उधार दिला होता मी त्याला, की सोडून द्यावा? माफबिफ काही नाही. आता जन्मभर माझ्या दारात उभा राहील तो, राखणीला. दाब तुझं टोक. माल पडलाय."